उकळलं की विष मरतं का? जंतू, बुरशी, झाडं आणि सापांच्या विषाबद्दल सविस्तर

प्रश्न तसा दोन ओळींचाच होता: शंका आलेलं अन्न परत खळखळून उकळलं की त्यातलं विष मरतं ना, आणि जंतू-झाडं-प्राणी यांची विषं नैसर्गिक असतात तर ती केमिकलच्या विषापेक्षा सौम्य असतात का. खाली पुरवणी प्रश्न, साप स्वतःच्या विषाने का मरत नाही. मी फिजिशियन आहे, आयसीयूत अशा केसेस नेहमी बघते, त्यामुळे जरा ऐसपैस लिहिते, कंटाळा आला तर मधले पॅरा गाळा.

पहिल्या प्रश्नातच गोची आहे. विष मरत नाही कारण ते जिवंतच नसतं. जंतू जिवंत, बुरशी जिवंत, साप जिवंत, पण त्यांनी बनवलेलं विष हा नुसता एक रेणू असतो, कधी मोठं प्रोटीन, कधी अगदी छोटंसं रसायन. जंतू मारणं म्हणजे कारखान्याला टाळं लावणं झालं, आधीच बाहेर पडलेला माल बाजारात फिरत राहतोच. म्हणून ‘मेलं का’ हे न विचारता तो रेणू कशाचा बनलाय आणि शरीरात गेल्यावर कुठे जाऊन चिकटतो हे विचारायचं, बाकी बहुतेक उत्तरं त्यातूनच निघतात.

आधी उष्णतेचं बघू. बॉट्युलिनम हे आतापर्यंत माहीत असलेल्या विषांत सगळ्यात जहाल, क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जंतू ते बनवतो, आणि हा जंतू हवा नसेल तिथेच वाढतो, म्हणजे नीट प्रक्रिया न केलेले बंद डबे, तेलात बुडवून ठेवलेले पदार्थ वगैरे. आता गंमत बघा. या जंतूचे बीजाणू, म्हणजे जाड कवचात झोपून राहिलेलं त्याचं चिवट रूप, साध्या उकळण्याने मरत नाहीत, त्यांना दाबाखाली 121 अंश लागतात, म्हणून तर डबाबंद अन्नाच्या कारखान्यात ती मोठी प्रेशरची भांडी असतात. पण त्याने सोडलेलं विष मात्र प्रोटीन आहे आणि ते 85 अंशाला पाचेक मिनिटांत निकामी होतं. म्हणजे उकळल्यावर इथे विष जातं आणि जंतूचे बीजाणू राहतात! (म्हणून फुगलेला डबा उकळून खा असं मी सांगतेय असं कृपा करून समजू नका. मधल्या भागापर्यंत तेवढी उष्णता पोचली की नाही हे घरी कळत नाही. डबा फेका.) याच बीजाणूंमुळे एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका म्हणतात. मोठ्यांच्या आतड्यात बीजाणूंना रुजायला जागा मिळत नाही, बाळाच्या आतड्यात मिळू शकते आणि मग विष तिथेच तयार होतं.

याच्या बरोबर उलटी केस स्टॅफिलोकॉकसची. हा आपल्या नाकात, त्वचेवर, हाताच्या पिकलेल्या जखमेत असतो, स्वयंपाक करणाऱ्याच्या हातून अन्नात जातो आणि अन्न चार-सहा तास कोमट राहिलं की विष सोडतो. जंतू उकळल्यावर पटकन मरतो, विष टिकतं. त्याहून चिवट म्हणजे बॅसिलस सेरिअस, शिजवून बाहेर ठेवलेल्या भातात वाढणारा. त्याचं उलटी करवणारं विष 121 अंशाला दीड तास ठेवलं तरी टिकतं, मग तुमच्या गॅसची काय कथा. असं अन्न लॅबला पाठवलं तर कधीकधी रिपोर्ट येतो की जिवंत जंतू नाहीत, आणि घरचे म्हणतात बघा, अन्न चांगलंच होतं. अहो जंतू नाहीत कारण तुम्ही ते गरम केलंत, माणसं ओकतायत ती विषामुळे. ‘आम्ही परत गरम करून खाल्लं होतं डॉक्टर’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता ते मी हिस्ट्रीत न विचारताच लिहू शकेन.

अर्धवट गरम करणं तर कधीकधी कच्च्यापेक्षा वाईट. राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रोटीन असतं, पूर्ण उकळल्यावर ते निकामी होतं, पण स्लो कुकरमध्ये 75-80 अंशावर तासन्‌तास ठेवलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देतो असं आढळलंय. म्हणून भिजवायचा, ते पाणी टाकायचं आणि मग निदान दहा मिनिटं खळखळून उकळायचा. हिरव्या पडलेल्या बटाट्यातलं सोलानिन उकळून जात नाही. शेंगदाणे-मक्यावरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन भाजून-तळून नीट जात नाही, 1960 साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले आणि शोधता शोधता त्यांच्या शेंगदाण्याच्या पेंडीत हे सापडलं, तोवर असं काही असतं हे कुणाला माहीतच नव्हतं. एकदम खाल्लं तर लिव्हर फेल, थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर लिव्हरचा कॅन्सर. दुभत्या जनावराने खाल्लं तर दुधात पण उतरतं. आणि तळ्यावर जी हिरवी साय येते ना, सायनोबॅक्टेरिया, त्यातल्या काही जाती मायक्रोसिस्टिन बनवतात, ते पाणी उकळलं तर पेशी फुटतात आणि आतलं विष उलट पाण्यात मोकळं होतं. ब्राझीलमध्ये कारुआरू गावात 1996 साली डायलिसिसच्या पाण्यात हे गेलं आणि पन्नासहून जास्त पेशंट दगावले.

डायलिसिसवरून आठवलं, हॉस्पिटलमधलं सगळ्यात चांगलं उदाहरण इथेच सांगून टाकते. शंभर वर्षांपूर्वी शिरेतून इंजेक्शन दिलं की बऱ्याच पेशंटना तासाभरात थंडी वाजून ताप यायचा, पाणी डिस्टिल्ड, नीट उकळलेलं, एक जंतू जिवंत नाही, तरी ताप. फ्लोरेन्स सायबर्ट या बाईंनी 1923 मध्ये दाखवलं की हा ताप मेलेल्या जंतूंच्या अवशेषांचा आहे. ग्रॅम निगेटिव्ह नावाच्या गटातल्या जंतूंच्या बाहेरच्या आवरणात एक पदार्थ असतो, एंडोटॉक्सिन, तो ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्याला, भीक घालत नाही, काचेची भांडी कोरड्या उष्णतेत 250 अंशाला अर्धा तास ठेवावी लागतात तेव्हा कुठे तो जातो. म्हणून आजची सलाईनची बाटली नुसती निर्जंतुक असून भागत नाही, तिची एंडोटॉक्सिनसाठी वेगळी टेस्ट होते, आणि ती टेस्ट कशावर उभी आहे तर हॉर्सशू क्रॅब नावाच्या समुद्री प्राण्याच्या निळ्या रक्तावर. त्या रक्तातल्या पेशींना एंडोटॉक्सिनचा अंश जरी लागला तरी ते गोठतं, हे फ्रेडरिक बँग आणि जॅक लेविन यांनी शोधलं. आता त्याला लॅबमध्ये बनवलेला पर्याय पण आलाय, बिचाऱ्या क्रॅबची हळूहळू सुटका होईल.

आता आत जाऊन ही विषं करतात काय. लोकांना वाटतं विष म्हणजे सगळं शरीर ‘जाळून’ टाकणारं काहीतरी. काही तशी असतातही, पण सगळ्यात जहाल विषं एकच खिळा काढतात आणि मग बाकी यंत्रणा आपोआप कोसळते. कॉलरा घ्या. रॉबर्ट कॉख यांनी 1884 मध्ये कोलकात्यात जंतू शोधला, पण पुढची पंचाहत्तर वर्षं माणूस नक्की कशाने मरतो यावर वादच चालू होते. 1959 मध्ये त्याच कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी काय केलं, जंतू गाळून काढलेला नुसता द्राव सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडला. जंतू नाहीत, तरी आतडं पाण्याने टम्म फुगलं. झालं, विष सिद्ध. कॉलराचं विष आतड्याच्या पेशीतलं एक बटण ‘चालू’ स्थितीत अडकवून ठेवतं, क्लोराइड बाहेर पडत राहतं, त्याच्यामागे सोडियम, त्याच्यामागे पाणी, अगदी तासाला लिटरपर्यंत. पेशी मरत नाही, आतडं फाटत नाही, माणूस नुसता सुकून जातो. आणि साखर-मीठ मिळून आत ओढणारा जो वेगळा पंप आहे त्याला हे विष हातही लावत नाही, म्हणूनच ओआरएस चालतं! विष कुठे चिकटतं आणि कुठे नाही एवढं कळल्यावर साखर-मिठाच्या पाण्याने लाखो जीव वाचले. डे यांना नोबेल मिळालं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

बॉट्युलिनम आणि धनुर्वाताचं विष ही तर सख्खी भावंडं, दोन्ही नसेच्या (रक्ताची नस नव्हे, मज्जातंतू) टोकाशी निरोप बाहेर सोडणारं प्रोटीन कापतात. फरक फक्त जागेचा. बॉट्युलिनम स्नायूपाशी कापतं, स्नायूला हुकूम पोचत नाही, पेशंट लुळा. धनुर्वाताचं विष नसेतून उलट्या दिशेने चढत मज्जारज्जूत जातं आणि तिथे स्नायूला ‘आता सैल हो’ सांगणाऱ्या पेशींचं तोंड बंद करतं, त्यामुळे पेशंट धनुष्यासारखा ताठ.

इथून पुढचं नीट वाचा, कारण उपचाराचा सगळा गोंधळ इथे होतो. नातेवाईक विचारतात, अँटिबायोटिक चालू केलंय ना, मग बरा का होत नाही. अँटिबायोटिक जंतूवर चालतं, सुटलेल्या विषावर नाही. ई-कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या ओ157 जातीत तर आम्ही बहुधा अँटिबायोटिक टाळतोच, कारण जंतू मरताना जास्त विष सोडतो आणि किडन्या जायची भीती वाढते. सुटलेल्या विषाला पकडायला अँटिटॉक्सिन लागतं, म्हणजे तयार अँटिबॉडी. ही आयडिया 1890 ची, बेहरिंग आणि कितासातो यांची, घटसर्पावरच्या सीरमसाठी बेहरिंगना 1901 चं मेडिसिनचं अगदी पहिलं नोबेल मिळालं. पण अँटिटॉक्सिन फक्त रक्तात मोकळं फिरणारं विष पकडतं. एकदा ते नसेच्या आत शिरलं की अँटिटॉक्सिनचा हात तिथे पोचत नाही, मग नसेला नवीन टोक फुटेपर्यंत पेशंटला व्हेंटिलेटरवर सांभाळत बसणं एवढंच उरतं, बॉट्युलिझममध्ये आठवडे, कधी महिने. म्हणून आम्ही रिपोर्टची वाट न बघता संशयावर अँटिटॉक्सिन देतो आणि मग लोक म्हणतात डॉक्टरने टेस्टशिवाय महागडं इंजेक्शन मारलं, असो.

अजून एक, बऱ्याच शिकलेल्या लोकांनाही माहीत नसतं. धनुर्वात होऊन वाचलेल्या माणसाला परत धनुर्वात होऊ शकतो. माणूस मरायला जितकं विष पुरतं तितकं आपल्या प्रतिकारशक्तीच्या लक्षात येण्याइतकंही नसतं, त्यामुळे त्यालासुद्धा लस द्यावीच लागते. लस म्हणजे फॉर्मालिनने दात काढलेलं तेच विष, टॉक्सॉइड, गास्ताँ रामाँ यांनी 1920 च्या दशकात केलेलं काम.

सापाकडे येते. सापाचं विष म्हणजे एक पदार्थ नाही, वीस-पन्नास-शंभर प्रोटीनांची मिसळ. नागाचं मुख्य विष स्नायूच्या बाजूच्या रिसेप्टरवर, म्हणजे नसेचा निरोप घेणाऱ्या प्रोटीनवर, बसतं, ते अँटिव्हेनमने (सापाच्या विषावरचं अँटिटॉक्सिन) बऱ्यापैकी सुटतं, निओस्टिग्मिन हे औषध दिल्यावर पापण्या डोळ्यांदेखत वर येताना दिसतात. मण्यारीचं विष नसेचं टोकच उद्ध्वस्त करतं, उशीर झाला तर अँटिव्हेनमच्या कितीही कुप्या ओता, पापणी हलत नाही. शिवाय मण्यार चावलेली कळतही नाही, रात्री झोपेत, दुखणं नाही, सूज नाही, कधी खूणही नाही, पहाटे पोटात दुखतं आणि डोळे उघडत नाहीत. पोटदुखी म्हणून ॲसिडिटीचं औषध घेऊन परत झोपलेले पेशंट असतात!

घोणसचं विष रक्त गोठवणारी साखळी एकदम पेटवून देतं, गोठायचं सगळं सामान संपतं आणि मग रक्त गोठतच नाही. हे ओळखायची टेस्ट इतकी साधी आहे की नवीन इंटर्नना खरी वाटत नाही. नवी, कोरडी, स्वच्छ काचेची ट्यूब घ्यायची, त्यात पेशंटचं दोन-तीन मिली रक्त घालायचं, स्टँडवर ठेवायची आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. हलवायची नाही, मध्येच तिरकी करून बघायची नाही, हे सगळ्यात अवघड, कारण भोवती दहा नातेवाईक उभे असतात. वीस मिनिटांनी एकदाच तिरकी करायची. गुठळी ट्यूबला धरून राहिली तर ठीक, रक्त पाण्यासारखं ओघळलं तर अँटिव्हेनम चालू. ट्यूब प्लास्टिकची नको, साबणाने धुतलेली तर अजिबात नको, कारण काचेच्या पृष्ठभागामुळेच गोठण्याची क्रिया सुरू होते, प्लास्टिकवर किंवा साबणाच्या थरावर चांगलं रक्तही गोठायचं नाही आणि तुम्ही नसलेल्या विषासाठी औषध देत बसाल.

चिरा देणं, तोंडाने ओढणं, घट्ट दोरी बांधणं, यातलं काहीही करू नका. चावलेला भाग हलवायचा नाही, साप पकडायला जायचं नाही, पेशंटला चालवायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं.

मग साप स्वतः का मरत नाही? एक तर त्याचं विष बहुतांश प्रोटीन, पोटात गेलं की पचतं, म्हणून विषाने मारलेला उंदीर त्याला बाधत नाही. दुसरं, ग्रंथीत ते आम्लधर्मी द्रावात निष्क्रिय करून साठवलेलं असतं. आणि तिसरं मला सगळ्यात आवडतं, नागाच्या स्वतःच्या रिसेप्टरवर विष बसायच्या जागीच साखरेच्या रेणूंची एक साखळी आडवी येते, विषाला टेकायलाच जागा नाही. मुंगसाने पण तीच युक्ती केलीय, स्वतंत्रपणे. पफर फिश म्हणजे केंड माशाचं टेट्रोडोटॉक्सिन आपल्या नसांच्या सोडियमच्या वाटा बुजवतं, माशाच्या त्याच वाटांमध्ये अमिनो आम्लाचा एवढासा बदल आहे म्हणून तो मजेत पोहतो. बरं ते विष मासा बनवतच नाही, जंतू बनवतात आणि खाण्यातून माशात साठतं, नियंत्रित खाद्यावर वाढवलेला मासा बिनविषारी निघतो. कोलंबियातल्या त्या पिवळ्याधमक विषारी बेडकांचंही तेच, पिंजऱ्यात जन्मलेल्या पिल्लात विष नसतं, कारण ते किड्यांमधून येतं.

‘नैसर्गिक म्हणजे सौम्य’ याबद्दल आता वेगळं काय सांगू. एरंडाच्या बीतलं रायसिन, गुंजेतलं अब्रिन, कण्हेरीचं हृदय थांबवणारं विष, सगळं शंभर टक्के नैसर्गिक. शरीर रेणूचं गाव विचारत नाही, किती आणि कुठे एवढंच बघतं. म्हणूनच धोतऱ्याच्या कुळातल्या ॲट्रोपिनने भ्रम होतो आणि तेच ॲट्रोपिन कीटकनाशक प्यायलेल्या पेशंटला वाचवतं. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषावरच्या कामातून ब्लडप्रेशरचं कॅप्टोप्रिल आलं, 1981 मध्ये बाजारात. डायबिटीसचं एक्सेनाटाइड गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेतून, आणि बॉट्युलिनम तर 1989 पासून तिरळेपणा आणि पापण्या आकडीने आवळल्या जाण्यासाठी अधिकृत औषध आहे, सुरकुत्यांसाठीचा वापर नंतर आला.

सगळ्यात कपटी कोण विचाराल तर मी रानटी मशरूम म्हणेन, डेथ कॅप. चव चांगली असते असं त्यातून जीव वाचलेले लोक सांगतात. शिजवून, वाळवून काही फरक नाही, चांदीचा चमचा काळा पडतो वगैरे कसोट्या निव्वळ थापा. पहिले सहा ते चोवीस तास काहीच नाही, मग जोरदार उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस पेशंट एकदम बरा, घरी जातो म्हणतो, आणि आत लिव्हरच्या पेशी नवीन प्रोटीन बनवायचं थांबलेल्या असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे.

त्यामुळे शंका आली तर घरी मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका, उरलेलं अन्न, पान, बी, मशरूम जे असेल ते कागदात गुंडाळून सोबत आणा (प्लास्टिकमध्ये मशरूम सडतं), आणि दोन वेळा लिहून आणा, खाल्लं कधी आणि पहिला त्रास कधी. त्या दोन वेळांमधलं अंतर कुठल्याही रिपोर्टच्या आधी मला दिशा देतं. दोन-तीन तासांत उलट्या असतील तर बहुधा स्टॅफसारखं काहीतरी, सलाईनवर उद्यापर्यंत ठीक. बारा तासांनी सुरू झालं असेल आणि जेवणात रानातलं मशरूम असेल तर आता कितीही बरं वाटत असलं तरी मी घरी सोडणार नाही. आणि दिवसाभराने एकाची दोन माणसं दिसायला लागली, पापण्या जड, जीभ जड, घोट गिळता येत नाही, पण ताप नाही आणि डोकं अगदी शाबूत, तर सकाळपर्यंत थांबू नका, व्हेंटिलेटर असलेलं हॉस्पिटल गाठा.